दुष्ट की आजारी? गोष्टींतील खलपात्रांच्या मनाचा शोध

विंचूर (ता. निफाड, जि. नाशिक) : श्रावण लागला की विंचूर आणि परिसरातील घराघरांत कहाण्यांचे वाचन सुरू होते. शुक्रवारी जिवतीचा कागद भिंतीवर लागतो, हातात अक्षता घेऊन आजी कहाणी वाचते आणि शेजारी बसलेले नातवंड कान देऊन ऐकते. आश्विनात हस्त नक्षत्र आले की भोंडल्याचा फेर धरला जातो. एरवी रात्री झोपताना चिऊ-काऊ आणि भोपळ्यातली म्हातारी असतेच. आता दूरचित्रवाणी आणि मोबाइलमुळे हिमगौरीची सावत्र आई आणि हॅन्सेल-ग्रेटेलची चेटकीणही ओसरीवर येऊन बसली आहे. या साऱ्या गोष्टींत एक दुष्ट पात्र हमखास असते आणि ऐकणारे मूल एक प्रश्नही हमखास विचारते : ती अशी का वागली?

या प्रश्नाला मोठ्यांकडे एक तयार उत्तर असते. ‘वेडी होती म्हणून.’ शिकलेल्या घरात याच उत्तराला ‘सायको होती’ असे रूप मिळते. उत्तर सोपे आहे आणि मूलही त्यावर गप्प बसते. मात्र त्या क्षणी त्याच्या मनात दोन निराळ्या गोष्टींची गाठ मारली जाते. जो दुष्ट असतो तो मनाने आजारी असतो, आणि जो मनाने आजारी असतो तो दुष्ट असतो. पुढे हेच मूल मोठे होते. शेजारच्या घरात कोणाला भास होऊ लागले, कोणी आठ-आठ दिवस झोपले नाही, कोणी एकटेच पुटपुटू लागले, की लहानपणीची ती गाठ आपले काम करते.

गोष्टींतील खलपात्रे खरोखरच मनोरुग्ण असतात का, त्यांना एखादा व्यक्तिमत्त्व विकार असतो का, आणि मानसोपचारशास्त्र याविषयी काय सांगते, हे म्हणूनच समजून घेण्यासारखे आहे.

कहाणीतील राणी वेडी नव्हती

आपल्या कहाण्यांपासूनच सुरुवात करू. जिवतीच्या कहाणीत एक राणी आहे. तिला मूल नाही. ती सुईणीशी संगनमत करते. सुईण एका गरीब बाळंतिणीचे डोळे बांधते, तिचे नुकते जन्मलेले मूल उचलून राणीकडे पोहोचवते आणि बाळंतिणीपुढे वरवंटा ठेवते. एवढे क्रूर कृत्य कहाणीत क्वचितच सापडेल. तरीही राणीला वेड लागले होते, असे कहाणी सांगत नाही. ज्या समाजात पुत्र नसलेल्या स्त्रीला मान नव्हता, त्या समाजातील तिची भीती कहाणी दाखवते. राणीच्या कृत्याला कारण आहे, योजना आहे आणि ते लपवण्याची काळजीही आहे. आपण काय करीत आहोत हे तिला पुरते ठाऊक आहे.

श्रावणी सोमवारच्या शिवामुठीच्या कहाणीत राजाची एक सून नावडती आहे. तिला उष्टे अन्न, जाडेभरडे वस्त्र आणि राहायला गुरांचा गोठा मिळतो. येथे कोणी एक खलनायिका नाही, सारे घरच दुष्टपणा करते. ज्यांच्या अंगी हा दुष्टपणा आहे ती माणसे अगदी ‘शहाणी’ आहेत. घरातल्या दुबळ्या माणसाला छळण्यासाठी मनाचा आजार लागत नाही, घराची मूकसंमती पुरते, हे ही कहाणी न सांगता सांगून जाते.

चिऊ-काऊची गोष्ट तर आणखी विचार करायला लावणारी आहे. पावसात घर वाहून गेलेला कावळा दारात उभा असतो आणि चिमणी एकामागून एक सबबी सांगत दार उघडत नाही. काही घरांत सांगितल्या जाणाऱ्या पाठात ती शेवटी त्याला तापलेल्या तव्यावर बसायला सांगते आणि कावळा भाजतो. यात दुष्ट कोण? बहुतेक मुले बिनदिक्कत चिमणीची बाजू घेतात. गोष्ट ज्याच्या घरात बसून सांगितली जाते, त्याच्या बाजूची होते. खलपात्र ठरवण्याचे काम पुष्कळदा सांगणारा करतो, त्या पात्राचा स्वभाव नव्हे.

कंसाचे उदाहरण याहून सरळ आहे. गोकुळाष्टमीला गावोगावी त्याची कथा सांगितली जाते. देवकीचा आठवा मुलगा आपला काळ ठरणार, या भीतीने तो बहिणीची तान्ही मुले मारतो. आजच्या भाषेत कोणी त्याला संशयाच्या आजाराचा रुग्ण म्हणेल. पण भ्रम म्हणजे पुरावा विरुद्ध असतानाही न हटणारी खोटी समजूत. कंसाने ऐकलेली आकाशवाणी कथेच्या जगात खरी होती, इतरांनीही ती ऐकली होती आणि शेवटी ती खरीही ठरली. हिमगौरीच्या सावत्र आईचा आरसाही असाच खरोखर बोलतो. त्यामुळे कंसाला भ्रम झाला किंवा राणीला भास झाले, असे म्हणता येत नाही. गोष्टीचे जगच वेगळ्या नियमांनी चालते आणि त्या नियमांत ही पात्रे वास्तवाशी घट्ट बांधलेली असतात.

वेडा आहे, पण तो दुष्ट नाही

मग आपल्या परंपरेत वेडा कोठेच नाही का? आहे, पण तो निराळ्या जागी आहे. भोंडल्याच्या गाण्यांत एक बायको आपल्या वेड्या नवऱ्याचे गाऱ्हाणे गाते. तिने केलेल्या करंज्या त्याला होड्या वाटतात आणि तो त्या पाण्यात सोडतो. फेरातल्या मुली प्रत्येक कडव्याला खुदकन हसतात. शेवटच्या कडव्यात बायको झोपलेली असते, ती मेली असे समजून तो तिला जाळून टाकतो आणि गाणे त्याच हसऱ्या चालीवर संपते.

या वेड्याच्या मनात वैर नाही. त्याला समोरची वस्तू ओळखता येत नाही, एवढेच त्याचे दुखणे. म्हणजे लोकपरंपरेने दुष्ट आणि वेडा ही दोन पात्रे वेगळी ठेवली. दुष्टाला बुद्धी दिली, वेड्याला निरागसता दिली. वेड्याला हसण्याचा विषय केले, हा त्यातला अन्याय आहेच. वेड्याच्या घरातल्या बाईची व्यथा मात्र त्याच गाण्याने सांगून ठेवली आहे. मनोरुग्णाची काळजी घेणाऱ्याचे हाल हा विषय आज मानसिक आरोग्याच्या चर्चेत येतो. भोंडल्याच्या फेरात तो फार पूर्वीच आला होता.

दुष्ट आणि वेडा या दोघांना एकाच अंगरख्यात घालण्याचे काम पुढे चित्रपटांनी आणि दूरचित्रवाणी मालिकांनी मोठ्या प्रमाणावर केले. खुनी माणूस विचित्र हसतो, आरशाशी बोलतो आणि शेवटी त्याला ‘मेंटल हॉस्पिटल’मध्ये नेले जाते, हे दृश्य प्रेक्षकाने इतक्या वेळा पाहिले आहे, की त्यात काही चुकीचे आहे असे त्याला वाटतही नाही.

आरशासमोरची राणी आणि व्यक्तिमत्त्व विकार

पाश्चात्त्य परीकथांतील खलपात्रांना मानसशास्त्राची नावे लावण्याचा छंद जुना आहे. त्यात पहिला मान हिमगौरीच्या सावत्र आईचा. जगात सर्वांत सुंदर कोण, हे ती रोज आरशाला विचारते. उत्तर मनासारखे आले नाही की एका कोवळ्या मुलीच्या जिवावर उठते. स्वतःच्या मोठेपणाची अतिरेकी कल्पना, सतत कौतुकाची भूक, दुसऱ्याचे दुःख न जाणवणे आणि मत्सर ही आत्मप्रौढी व्यक्तिमत्त्व विकाराची लक्षणे मानली जातात. यादी समोर ठेवली तर राणी तीत चपखल बसते.

येथे थोडे शास्त्र समजून घेतले पाहिजे. स्किझोफ्रेनिया, बायपोलर विकार किंवा तीव्र नैराश्य हे मनाचे आजार बहुधा एखाद्या काळात सुरू होतात. आधी बरा असलेला माणूस बदलतो आणि तो बदल घरच्यांना जाणवतो. व्यक्तिमत्त्व विकाराचे तसे नसते. त्यात स्वतःकडे आणि इतरांकडे पाहण्याची, भावना आवरण्याची आणि नाती सांभाळण्याची पद्धतच ताठर झालेली असते. ती किशोरवयात किंवा तारुण्याच्या सुरुवातीला दिसू लागते, वर्षानुवर्षे टिकते, एकाच प्रसंगापुरती राहत नाही आणि त्या व्यक्तीला किंवा तिच्या भोवतालच्यांना त्रासदायक ठरते. नुसता तापट, गर्विष्ठ किंवा हट्टी स्वभाव म्हणजे व्यक्तिमत्त्व विकार नव्हे.

अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ मधील पाचव्या निदान-पुस्तिकेत असे दहा विकार तीन गटांत मांडले आहेत. पहिल्या गटात संशयी आणि जगापासून अलिप्त राहणारी व्यक्तिमत्त्वे येतात. दुसऱ्या गटात नाट्यमय, भावनाप्रधान आणि बेभरवशाची, तर तिसऱ्यात भित्री आणि चिंताग्रस्त व्यक्तिमत्त्वे येतात. गोष्टींतील बहुतेक खलपात्रे दुसऱ्या गटात बसवली जातात. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणात ही चौकट बरीचशी मोडली. आता आधी विकार सौम्य, मध्यम की तीव्र हे पाहिले जाते आणि मग त्यात कोणते स्वभावगुण ठळक आहेत याची नोंद होते. माणसांना साच्यात घालण्यापेक्षा त्यांना होणारा त्रास मोजावा, हा त्यामागचा विचार आहे.

हे वर्गीकरण गोष्टीतल्या राणीला लावताना एक अडचण येते. राणीला त्रास होतो, तो फक्त हिमगौरी जिवंत असल्याचा. तिचे बालपण गोष्टीत नाही. ती कोणावर रागावून पुढे कधी पस्तावली, रात्री एकटी रडली, असे काही नाही. ती केवळ मत्सर आहे, मुकुट घातलेला मत्सर. खरा आत्मप्रौढी विकार असलेला माणूस पुष्कळदा आतून अतिशय ठिसूळ असतो आणि एखाद्या अपयशानंतर नैराश्य घेऊन डॉक्टरकडे येतो. गोष्टीतल्या राणीला ती मुभा नाही. तिला तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचावे लागते.

या राणीबद्दल आणखी एक गोष्ट फारशी ठाऊक नसते. जर्मनीतील ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये ही कथा प्रथम छापली तेव्हा ती हिमगौरीची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. हॅन्सेल-ग्रेटेलला जंगलात सोडण्याचा आग्रह धरणारी आईही आधी सख्खीच होती आणि पुढच्या आवृत्त्यांत सावत्र बनली. आई असे करू शकते, ही कल्पना वाचकांना सोसवणार नव्हती. तेव्हा दोष एका वेगळ्या, ‘बाहेरच्या’ बाईवर टाकला गेला. हीच युक्ती आज ‘वेडी’ या शब्दाने केली जाते. आपल्यासारखा माणूस असे करणार नाही, करील तो कोणी वेगळाच, अशी समजूत करून घेतली की मन शांत होते.

तपासल्याशिवाय निदान नाही

जिवंत माणसाबाबतही न तपासता निदान करू नये, असा मानसोपचाराचा संकेत आहे. त्यामागे एक प्रसिद्ध प्रकरण आहे. अमेरिकेत १९६४ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्याविषयी एका नियतकालिकाने मानसोपचारतज्ज्ञांची मते मागवली. एक हजाराहून अधिक तज्ज्ञांनी, त्यांना कधीही न भेटता, ते मानसिकदृष्ट्या या पदाला अयोग्य असल्याचे कळवले. गोल्डवॉटर न्यायालयात गेले आणि जिंकले. पुढे १९७३ मध्ये तेथील संघटनेने नियमच केला. स्वतः तपासल्याशिवाय आणि संमतीशिवाय कोणा सार्वजनिक व्यक्तीच्या मनाबद्दल व्यावसायिक मत देऊ नये.

भारतीय कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. एखादी व्यक्ती समाजात रूढ असलेली नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक मूल्ये पाळत नाही, एवढ्यावरून तिला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असे हा कायदा सांगतो. म्हणजे ‘वाईट वागतो’ हे ‘आजारी आहे’ याचे लक्षण नव्हे. गोष्टीतल्या राणीला वेडी ठरवून मोकळे होणाऱ्याने हे कलम लक्षात घ्यायला हवे.

उलट्या बाजूनेही कायदा तितकाच काटेकोर आहे. गुन्हा करताना माणूस मनोविकलतेमुळे आपल्या कृत्याचे स्वरूप किंवा ते चुकीचे असल्याचे समजू शकत नसेल, तर तो गुन्हा ठरत नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मधील हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये कायम आहे. मूल चोरून ते लपवणारी जिवतीची राणी या कलमाखाली सुटणार नाही. भोंडल्यातला वेडा कदाचित सुटेल. न्यायशास्त्र आणि लोकपरंपरा यांचा निवाडा येथे एकच निघतो.

चेटकीण गोष्टीतून गावात येते तेव्हा

ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चिंची चेटकीण महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी पाहिली. पूर्वी दिलीप प्रभावळकर आणि २०१८ मध्ये रंगभूमीवर पुन्हा आलेल्या नाटकात वैभव मांगले यांनी ती रंगवली. मुले आधी घाबरतात आणि मग खदखदून हसतात. नाटक संपले की चेटकीण रंग पुसते आणि माणूस होते. भीतीला असे हसून वाट करून देणे ही बालनाट्याची मोठी देणगी आहे.

सगळीकडे मात्र चेटकिणीला रंग पुसता येत नाही. सातपुड्याच्या कुशीतील नंदुरबार जिल्ह्यात बाईला डाकीण ठरवून तिला मारहाण करण्याच्या, गावाबाहेर काढण्याच्या घटना घडत आल्या आहेत आणि त्याविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते दीर्घकाळ प्रबोधन करीत आले आहेत. असा आरोप बहुधा एकट्या, वयस्क किंवा विधवा बाईवर येतो. गावात कोणाचे मूल दगावले, गुरे मेली की बोट तिच्याकडे वळते. कधी त्यामागे जमिनीचा वाद असतो, कधी जुने वैर असते. कधी तिचे ‘विचित्र’ वागणे पुढे केले जाते. ती रात्री फिरते, स्वतःशी बोलते, ओळखीच्या माणसाला ओळखत नाही. वाढत्या वयातील स्मृतिभ्रंशात नेमके हेच घडते. गोष्टीतल्या चेटकिणीचे वर्णन आणि स्मृतिभ्रंश झालेल्या आजीची लक्षणे इतकी जवळ येतात, की त्या बाईला डॉक्टरची गरज आहे हे कोणाच्या ध्यानातच येत नाही.

युरोपानेही हे भोगले आहे. सोळाव्या शतकात तेथे चेटकीण ठरवून बायकांना जाळले जात असताना योहान वायर या वैद्याने १५६३ मध्ये लॅटिन भाषेत एक ग्रंथ लिहिला. चेटूक केल्याची कबुली देणाऱ्या अनेक म्हाताऱ्या बायका वास्तविक आजारी असून त्यांना शिक्षेची नव्हे, उपचाराची गरज आहे, असे त्याने मांडले. ‘ती आजारी आहे’ हे वाक्य त्या काळी बाईचा जीव वाचवणारे होते. तेच वाक्य आज ‘ती आजारी आहे, म्हणजे ती धोकादायक आहे’ अशा अर्थाने उच्चारले जाते. शब्द तोच राहिला, त्यामागची दया मात्र गेली.

महाराष्ट्राने यावर कायदा केला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. या कायद्याच्या अनुसूचीत बारा कृत्ये आहेत. भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे, तसेच एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते किंवा ती सैतानाचा अवतार आहे असे भासवून तिचे जगणे असह्य करणे, हे सारे त्यात येते. सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

मनोरुग्णाला साखळदंडाने बांधण्यास २०१७ च्या कायद्याने पूर्ण मनाई आहे. ही तरतूद किती आवश्यक होती, हे तमिळनाडूतील एरवाडीने दाखवले होते. दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि बांधून ठेवलेल्या पंचवीसहून अधिक मनोरुग्णांना पळताही आले नाही.

आजारी माणूस धोकादायक असतो का?

गोष्टी आणि चित्रपट यांनी रुजवलेला सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. मनाचा आजार असलेली बहुसंख्य माणसे हिंसक नसतात. हिंसा करणाऱ्यांपेक्षा हिंसा सोसणाऱ्यांत ती अधिक आढळतात. उपचार न मिळालेला तीव्र आजार आणि त्याच्या जोडीला दारू किंवा अमली पदार्थ, अशा स्थितीत धोका वाढतो हे खरे. पण तो धोका कमी करण्याचा मार्ग उपचार हाच आहे.

बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. म्हणजे दहा माणसांच्या पंगतीत साधारण एक. त्याच सर्वेक्षणानुसार विकारांच्या प्रकाराप्रमाणे ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. डॉक्टर आणि रुग्णालये कमी आहेत, हे त्याचे एक कारण. लोक काय म्हणतील, ही भीती दुसरे. ती भीती ज्या मातीत उगवते, तिला लहानपणच्या ‘वेडी होती म्हणून’ या उत्तराचेही खत मिळालेले असते.

व्यक्तिमत्त्व विकारांबाबत तर ‘स्वभावाला औषध नाही’ या म्हणीवर सारे थांबते. शास्त्र मात्र तेथे थांबलेले नाही. भावनांची टोकाची चढउतार, एकटे पडण्याची तीव्र भीती आणि स्वतःला इजा करून घेण्याची ओढ असलेल्या सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकारावर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी एक उपचारपद्धती विकसित केली आणि ती आज जगभर वापरली जाते. तरुणपणी आपणही अशाच यातना भोगत रुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. गोष्टीतल्या खलपात्राला बदलता येत नाही, खऱ्या माणसाला येते.

मग गोष्ट कशी सांगावी?

खलपात्रे गोष्टींतून काढून टाकावीत, असा याचा अर्थ मुळीच नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रुनो बेटलहाइम यांनी १९७६ मधील परीकथांवरील प्रसिद्ध ग्रंथात उलटच मत मांडले. मुलाच्या मनात राग, मत्सर, टाकून दिले जाण्याची भीती असतेच. गोष्टीतील राक्षस आणि सावत्र आई यांच्या रूपाने ते या भावना बाहेर पाहते आणि त्यांच्याशी झुंज घेते. त्यांच्या अनेक मतांवर पुढे टीका झाली, तरी दुष्ट पात्र मुलाला उपयोगी पडते ही गोष्ट कोणतीही आजी सांगेल.

बदल करायचा तो उत्तरात. ‘ती अशी का वागली?’ असे मुलाने विचारले, तर गोष्टीतच असलेले कारण सांगावे. राणीला मत्सर वाटला. कंसाला भीती वाटली. गोठ्यात पाठवलेल्या सुनेच्या घरच्यांना तिची दया आली नाही. मत्सर, भीती, निर्दयता हे शब्द मुलाला स्वतःच्या मनातही ओळखता येतात. ‘वेडी’ हा शब्द त्याला काहीच शिकवत नाही.

दुसरे, खलपात्राच्या रूपाकडे लक्ष द्यावे. पिकलेले केस, वाकलेली पाठ, एकटे घर, पुटपुटणे ही दुष्टपणाची चिन्हे म्हणून रंगवली तर मूल ती गल्लीतल्या एखाद्या आजीवर लावते. चेटकीण दुष्ट आहे ती मुलांना पिंजऱ्यात कोंडते म्हणून. ती म्हातारी आहे हा तिचा दोष नाही.

तिसरे, भोंडल्याचे गाणे जरूर म्हणावे. फेर संपल्यावर खिरापत वाटताना एखाद्या मुलीने ‘त्या वेड्याचे पुढे काय झाले?’ असे विचारले, तर ‘त्याला दवाखान्यात न्यायला हवे होते’ एवढे उत्तर पुरे आहे. गाणे त्याने बिघडत नाही.

मदत कोठे मिळते?

घरातील कोणाला भास होत असतील, विनाकारण संशय वाढला असेल, झोप आणि जेवण तुटले असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा तोंडी येत असेल, तर देवऋषीकडे जाण्यात दिवस घालवू नयेत. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेलि मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून तेथे चोवीस तास समुपदेशन मिळते. १९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा हेतू जिल्हा पातळीवर उपचार पोहोचवणे हाच आहे, त्यामुळे निफाड तालुक्यातील कुटुंबांना नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात विचारणा करता येते. गंभीर रुग्णांसाठी ठाणे, पुण्यातील येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

कहाणीत नावडती शेवटी आवडती होते. त्यासाठी देव प्रसन्न व्हावा लागतो, आणि घरच्यांची नजर बदलावी लागते. गावातल्या एखाद्या घरात मागच्या खोलीत कोंडलेल्या, कुजबुजीत ‘वेडी’ म्हटल्या जाणाऱ्या बाईच्या बाबतीत यातली दुसरी गोष्ट माणसांच्या हातची आहे.